ऑपेराचं वेड, सौभद्र आणि आपली गावची मंडळी: तिकीट काढून कोण कोण येणार?

टिळकवाडीकर

मंडळी, विषय वाचून हसाल तर हसा. बेळगावात बसून ऑपेरा, म्हणजे युरोपातलं संगीत नाटक, कोण ऐकतंय म्हणाल तर मी ऐकतोय, रिटायर झाल्यापासून जवळजवळ रोज, आणि घरच्यांनी आता बोलायचं सोडून दिलंय. सुरुवात लेकीमुळे झाली. ती गोव्यात नोकरीला, तिची एक मैत्रीण तिथे वेस्टर्न गाणं शिकते, दोघी सुट्टीला आल्या आणि टीव्हीला मोबाईल जोडून 'ला त्राविआता'चा पहिला अंक लावला. मी पेपर वाचत होतो. पार्टी संपलेली, पाहुणे गेलेले, स्टेजवर बाई एकटी, आणि ती स्वतःशीच भांडतेय की हा नवा पोरगा खरंच आपल्यावर प्रेम करतो की काय, मग झटकून टाकते, म्हणते छे, मी मोकळीच बरी, आणि ताना सुरू. अहो काय ताना! त्यात मध्येच विंगेतून त्या पोराचा आवाज येतो, ती थबकते, आणि परत जास्त जोरात स्वतःलाच पटवायला लागते. पेपर राहिला बाजूला. त्या मैत्रिणीने सांगितलं की शेवटी जो सगळ्यात वरचा सूर लावतात तो वर्दीने, म्हणजे त्याच्या संगीतकाराने, लिहिलेलाच नाही, गायिकांनीच पाडलेली प्रथा, जिला झेपतो ती घेते आणि पब्लिक त्याचीच वाट बघत बसलेलं असतं. म्हटलं हे तर आपल्या नाट्यपदासारखंच झालं, कागदावर चार ओळी आणि गाणाऱ्याने त्याचं पाऊण तास करायचं.

मग ला बोएम, रिगोलेत्तो, कारमेन असं एकेक बघत गेलो, खाली इंग्लिश सबटायटल असतं त्यामुळे अडत नाही. वाचत गेलो तशी गंमत वाढली. ला त्राविआता १८५३ ला व्हेनिसमध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा सपशेल पडला, क्षयाने मरणाऱ्या नायिकेचं काम करणारी बाई चांगली अंगाने भरलेली, ते लोकांना पटेना. पुढच्या वर्षी त्याच गावात दुसऱ्या थिएटरात केला आणि उचलून धरला लोकांनी. कारमेनला १८७५ ला पॅरिसवाल्यांनी नाकं मुरडली आणि तीन महिन्यांत त्याचा संगीतकार बिझे गेला बिचारा. आज हे दोन्ही जगभर लागतात, गोष्ट सगळ्यांना माहीत, गाणी पाठ, तरी लोक जातात कारण यावेळी कोण गाणार ते ऐकायचं असतं.

आता आपल्याकडे या. संगीत नाटकं लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, जन्म १८४३. शाकुंतल १८८० चं, सौभद्र १८८२ चं. आणि सौभद्र लागलं म्हटल्यावर आपण काय म्हणतो? "बघितलंय की ओ."

आपल्या गावात एक हौशी मंडळी आहे, त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव टाकत नाही, ओळखणारे ओळखतीलच. दिवसा बँक, शाळा, दुकान आणि रात्री तालीम. पुढच्या महिन्यात सौभद्र करतायत. मागच्या प्रयोगाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बसलेल्यांत पासवाले किती होते ते न बोललेलंच बरं. तर सरळ विचारतो, तिकीट काढून कोण कोण येणार? ज्यांना यायचं नाही त्यांनी का नाही तेही लिहा, राग येणार नाही.

शहापूरचा_बाळू

काका तुमचं सगळं बरोबर हाय पण ऑपेरा म्हणजे बोंबलणं वाटतंय ओ मला. तुम्ही मागं एकदा सांगितला म्हणून मी यूट्यूबवर बघितलो, दोन मिनिटात बंद करून सोडलो. बाई मरालीय, खोकालीय आणि गायालीय पण. टीबी झालेल्या माणसाला एवढा दम कुठनं येतोय?

सौभद्राला येतो मी. आमच्या आजीला घेऊन येतो, तिला सगळी पदं येतात.

टिळकवाडीकर

बाळू, सुभद्रेचं लग्न मनाविरुद्ध दुर्योधनाशी ठरवलंय, ती बिचारी रडायच्या जागी गाते, ते तुझ्या आजीला चालतं ना? मग त्राविआतातल्या व्हिओलेत्ताने काय घोडं मारलंय. आणि दोन मिनिटं बघून कशाचाच निकाल लागत नाही, पहिल्या दोन मिनिटांत तर आपल्याकडे नांदीसुद्धा पुरी होत नाही.

आजीला आण. तिची खुर्ची पुढे ठेवायला सांगतो.

डॉक्टरीणबाई_कॅम्प

बोंबलणं हा शब्द वाचून राहवलं नाही, घशाची डॉक्टर आहे म्हणून लिहिते. ऑपेरावाले माइक वापरत नाहीत. स्टेजसमोरच्या खड्ड्यात पन्नास-साठ वाद्यं वाजत असतात आणि तरी एकट्या माणसाचा आवाज वरच्या गॅलरीत पोचतो. तो ताकदीने पोचत नाही, ताकद लावली तर दोन वर्षांत माझ्यासारखीकडे यावं लागेल. वाद्यवृंदाचा जोर खालच्या पट्टीत असतो, साधारण पाचशे हर्ट्झच्या आसपास, वर जाईल तसा तो कमी होतो. शिकलेला गवई स्वरयंत्राच्या वरची नळी अशी काही धरतो की त्याच्या आवाजाचा एक झोत तीन हजार हर्ट्झच्या जवळ तयार होतो, तिथे वाद्यांची गर्दी नसते आणि आपला कानही त्याच भागात जास्त तिखट असतो. त्यामुळे मोबाईलच्या स्पीकरवर हे गाणं कर्कश लागतं, तोच भाग तेवढा ऐकू येतो. बाळू, एकदा चांगले हेडफोन लावून ऐक, मग बोल.

माझं स्वतःचं म्हणाल तर लहानपणापासून घरात नाट्यसंगीत, ऑपेरा मात्र नवरा ऐकतो, मी फक्त घशाकडे बघते :)

तिकिटं दोन.

निपाणीचा_खडूस

मी येणार नाही आणि कारण लिहितो कारण विचारलंय.

गाणं ऐकायला मी कोल्हापूर, सांगली, पुणे कुठंही जातो, पेट्रोल टाकून जातो. पण गावची मंडळी म्हणून तिकीट काढा हे मला पटत नाही. मागे एका प्रयोगाला बसलो होतो (गाव आणि हॉल सांगत नाही), कृष्णाच्या कॉलर माइकवर शेला घासत होता, प्रत्येक वाक्याला खर्र खर्र, अर्जुनाचा माइक मध्येच बंद, म्हणून तो बोलायचं थांबला, मग चालू झाल्यावर तेच वाक्य पहिल्यापासून. नारदाचा सूर तबल्याशी जुळेना. आणि नंतर सगळे म्हणतात वा वा, हौशी आहेत हो, सांभाळून घ्या. का सांभाळून घ्यायचं? ऑपेराचं एवढं कौतुक सांगताय तर हेही सांगा की मिलानच्या ला स्कालात सूर चुकला तर वरच्या गॅलरीतले लोक तोंडावर हुर्यो करतात. आपल्याकडे सूर चुकला की शाल आणि नारळ.

खानापूरची_सून

शाल आणि नारळ 😂 अगदी अगदी. माझी तक्रार तीच आहे पण वेगळ्या कारणाने. पत्रिकेत साडेसहा लिहितात, आम्ही पोरांना घेऊन खानापूरहून धावतपळत पोचतो, आणि मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, त्या ओळखीची ओळख, सत्कार, मनोगत. पडदा उघडेपर्यंत धाकटी झोपलेली असते. शेवटच्या बसचं टेन्शन असतं म्हणून तिसऱ्या अंकात उठायला लागतं आणि माझं आवडतं पद नेमकं त्यानंतर. गाणं कसं का असेना, वेळेवर सुरू केलंत तर मी चार तिकिटं काढते.

ऑपेरावरून आठवलं, लाक्मे नावाचा एक आहे ना, आपल्या हिंदुस्थानात घडणारा, त्यातलं दोघींचं फुलांचं गाणं एवढ्या जाहिरातींत वापरलंय की ऐकल्यावर सगळे म्हणतात अरे हे माहितीये. माझ्या मोठीने शाळेच्या कार्यक्रमात त्यावर डान्स केला होता.

टिळकवाडीकर

हो, लाक्मे, १८८३, पॅरिस. म्हणजे बघा, इकडे सौभद्र रंगत होतं त्याच सुमाराला तिकडे एक फ्रेंच माणूस नीलकंठ नावाचा ब्राह्मण आणि त्याची मुलगी स्टेजवर नाचवत होता. बिझेने तर कारमेनच्या आधी सिलोनच्या मोतीवाल्यांवर केला होता. यांनी हिंदुस्थान कधी बघितला नसणार पण पूजा, विषारी फुलं सगळं घातलंय. चाली मात्र फार गोड.

खडूसराव, तुमच्या मुद्द्यावर येतो, जरा पायपेटीवाले काय म्हणतात बघू. ते इथे आहेत, वाचतायत, हिरवा दिवा दिसतोय.

पायपेटी

वाचत होतो, आता ओढलंतच तर लिहितो. मी या मंडळीत ऑर्गन वाजवतो.

खडूसराव म्हणतात ते खोटं नाही. त्यांनी सांगितलेला प्रयोग आमचा नव्हता एवढंच म्हणतो. पण हौशी मंडळीत चांगलं गाणं कशामुळे होतं ते ऐका. सौभद्राचा प्रयोग वर्षातून एकदा झाला तर नारदाचं काम करणारा वर्षातून एकदाच स्टेजवर गातो. तालमीत तो सुरात असतो, शपथेवर सांगतो. समोर लोक, तोंडावर लाइट, माइकमधून स्वतःचा आवाज उलटा कानात, आणि पहिल्या पदाला पट्टी चढते. पाच प्रयोग सलग मिळाले तर तिसऱ्यापासून तो बसतो. पण पाच प्रयोग लावायचे तर पहिल्याला माणसं पाहिजेत.

आणि ऑर्गनचं सांगतो कारण कुणी विचारत नाही. हार्मोनियमला एक हात भात्यावर अडकतो, ऑर्गनला हवा पायाने भरायची, दोन्ही हात मोकळे, म्हणून गायकाच्या मागे सूर धरून ठेवता येतो, तो श्वास घेतो तेव्हा पोकळी राहत नाही. आमचा ऑर्गन जुना आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या खाली जातात त्या वर येत नाहीत. गेल्या वर्षी भात्याचं कापड उंदराने कुरतडलं, हवा धरेना, मी पायाने सायकल मारल्यासारखा हाणतोय आणि आवाज आपला दम्याचा. उघडला तर आत उंदराचं घरटं, त्यात जुन्या पदांच्या वहीचे तुकडे, एकेका तुकड्यावर अक्षर वाचता येत होतं. नवीन कापड शिवून, सरसाने चिकटवून, पितळी स्वरपट्ट्या एकेक काढून ब्रशने साफ केल्या. दोन स्वर अजून जरा कुरकुरतात. हे काम करणारी माणसं आता फार थोडी राहिलीत. हलवायचा तर चार जण आणि टेम्पो. कीबोर्ड घ्या म्हणतात लोक, स्वस्त पडेल, पडेल की, पण तो आवाज नाही.

निपाणीचा_खडूस

ऑर्गनचं वाचून बरं वाटलं. तरीही येईन असं म्हणत नाही. माइकचं काय करणार?

हुक्केरी_अण्णा

मी कन्नड घरातला, मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो 😄 पण या विषयात बोलायला मजा येते.

तुम्ही ऑपेरा इटलीत शोधताय. बैलहोंगलला जाऊन संग्या बाळ्या बघा. सण्णाट म्हणतात त्याला, तिथेच घडलेल्या खुनाची गोष्ट, रात्रभर गाऊन सांगतात. परस्त्रीवर जीव, मित्राचा दगा, शेवटी खून, कारमेनपेक्षा वेगळं काय आहे? गोकाककडे कृष्ण पारिजात, कुलगोडच्या तम्मण्णांनी नावारूपाला आणलेलं, आणि कौजलगी निंगम्मा, बाईमाणूस त्या काळात स्वतःची मंडळी घेऊन गावोगाव पारिजात करायची. सत्यभामा कृष्णावर रुसते तो सगळा प्रसंग गाण्यात. आणि कंपनी नाटकात आमच्या जिल्ह्यातले एणगी बाळप्पा, शंभरी ओलांडून २०१७ ला गेले, म्हातारपणीही रंगगीतं म्हणायचे.

आता मराठीवाल्यांनी रागवू नये, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ ला सीता स्वयंवर केलं ते कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचा खेळ राजेसाहेबांनी बघितल्यावर, असं आपल्याकडे मराठी करा म्हणून. किर्लोस्करांनी पदांना कानडी चाली लावल्या, ते या मातीतलेच, कानात त्याच बसलेल्या. केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळी काढली ती कुठे? १९०८ ला हुबळीत. सवाई गंधर्व कुंदगोळचे, मराठी स्टेज गाजवलं. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. त्या लोकांना बॉर्डर दिसली नाही, आपल्याला तेवढी दिसते.

माझं म्हणणं असं की मंडळीने पत्रिका दोन्ही भाषांत छापावी. माझ्या गल्लीत वीस घरं कन्नड आहेत, गाणं सगळ्यांना कळतं. पडद्याच्या वर गोष्टीच्या दोन ओळी कन्नडमध्ये दाखवल्या तर आणखी बरं, ऑपेरात करतात ना तसं?

टिळकवाडीकर

करतात. १९८३ ला कॅनडात टोरांटोच्या कंपनीने पहिल्यांदा केलं, स्टेजच्या वर पट्टी आणि त्यावर भाषांतर. तेव्हा जुने रसिक चिडले होते की लक्ष विचलित होतं, आता सगळीकडे असतं. अण्णा, फार झकास सूचना. एक प्रोजेक्टर आणि एक बटण दाबणारा पोरगा लागेल.

शहापूरचा_बाळू

बटण दाबायला मी येतो. कन्नड वाचायला येतंय मला.

(संग्या बाळ्या मी बघितलोय आजोळी, रात्रभर जागलो. ते भारी होतं.)

विंगेतली

नमस्कार. मी मंडळीत प्रॉम्प्टिंग करते, कपडेपट बघते, चहाचंही मीच बघते. धागा कुणीतरी ग्रुपवर पाठवला, तालमीनंतर सगळ्यांनी वाचला. नाव टाकलं नाहीत त्याबद्दल आभार, अजून हॉलचं पक्कं व्हायचं आहे.

पैशाचं सांगते म्हणजे पास का जातात ते कळेल. हॉलचं भाडं आणि डिपॉझिट, तबलजींचं मानधन, रंगभूषा, कपडेपट भाड्याने, लाइट, माइक, टेम्पो, शिवाय पंचवीस माणसांचं रात्रीचं जेवण. सगळी तिकिटं खपली तरी हे भागत नाही. उरलेलं स्मरणिकेतल्या जाहिराती आणि देणगीदार. देणगीदाराला पुढच्या रांगेचे पास द्यावे लागतात, आणि सत्कारही त्यांचाच असतो, खानापूरच्या ताई. तो काढला तर पुढच्या वर्षी जाहिरात येत नाही. पास घेतलेले मात्र येतच नाहीत, म्हणून पुढच्याच खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि नटांचा जीव जातो. समोर रिकाम्या खुर्च्या बघून गाणं किती अवघड आहे ते विंगेतून दिसतं मला. मागच्या वेळी आमची सुभद्रा पदाच्या मध्ये नजर उचलून एकदम बाल्कनीकडे गायला लागली, मला वाटलं ओळ विसरली, मी वही घेऊन पुढे झाले. नंतर म्हणाली वर कॉलेजची पोरं बसली होती, ती ऐकत होती.

तालमीत ठरलं ते असं, सत्कार मध्यंतरानंतर, तोही दहा मिनिटांत, आणि नांदी साडेसहाला म्हणजे साडेसहाला. पदं आम्ही कापतोच, पूर्वीसारखं रात्रभर करणं शक्य नाही. शेवटची बस मिळेल.

कन्नड पट्टीचं सगळ्यांना आवडलं. अण्णा, दोन ओळी लिहून द्याल का अंकानिहाय?

हुक्केरी_अण्णा

आत्ताच बसतो लिहायला. संहिता पाठवा.

डॉक्टरीणबाई_कॅम्प

विंगेतली ताई, देणगीचं एवढंच म्हणते की मोठे ऑपेरेही तिकिटावर चालत नाहीत, युरोपात सरकार घालतं, अमेरिकेत श्रीमंत लोक घालतात. त्यामुळे देणगीदारांना नावं ठेवू नयेत. पण पुढची रांग रिकामी राहत असेल तर नियम करा, नांदी सुरू झाली की पासाची खुर्ची मागच्या तिकीटवाल्याला. सिनेमाला उशिरा येतो तेव्हा आपण अंधारात कुठेही बसतोच की.

आणि सुभद्रेला सांगा, प्रयोगाच्या आधी दोन दिवस फोनवर कमी बोल. गरम पाणी, मध वगैरेपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पायपेटी

खडूसराव, माइकचं उत्तर राहिलं. शेल्यावरचे कॉलर माइक या वेळी काढून टाकतोय. स्टेजच्या पुढच्या कडेला खाली तीन माइक आणि ऑर्गन-तबल्याला एकही नाही. पूर्वी कुठे होते माइक? जुलै १९२१ ला मुंबईत संयुक्त मानापमान झालं, दोन मंडळ्यांनी मिळून केलेलं, केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, टिळक स्वराज्य फंडासाठी, भरलं थिएटर, सगळं उघड्या गळ्यावर. आमच्या गळ्यात तेवढं नाही म्हणून कडेचे तीन ठेवलेत. रविवारी संध्याकाळी तालीम हॉलमध्येच आहे, आवाज तपासायला. तुम्ही या, मागच्या रांगेत बसा आणि जिथे ऐकू येत नाही तिथे हात वर करा. त्याला तिकीट नाही.

निपाणीचा_खडूस

रविवारी येतो. नारदाची पट्टी कुठली ठेवलीय?

पायपेटी

काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा. गेल्या वेळी काळी दोन होती, तीच चढत होती.

निपाणीचा_खडूस

काळी एक बरी. सकाळच्या कोल्हापूर गाडीला गर्दी असते, दुपारच्या गाडीने येतो. तिकिटाचं रविवारनंतर बघू.

खानापूरची_सून

माझी चार पक्की. पोरांना अर्धं तिकीट असतं का?

विंगेतली

दहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही ताई, मांडीवर घ्यायची अट आहे फक्त. म्हणजे दोन मोठी आणि थोरलीचं एक अर्धं धरते. गणपत गल्लीत आमच्या एकांच्या दुकानात तिकिटं सोमवारपासून ठेवतोय, पत्ता मेसेजमध्ये पाठवते.

शहापूरचा_बाळू

आजी विचारालीय, वन्स मोअर मागितलं तर चालतंय काय?

पायपेटी

तिसऱ्या अंकापर्यंत चालतंय. नंतर खानापूरची बस आहे.